शितावरून भाताची परीक्षा. पण पातेली २८८!

माळशिरस तालुक्यातील मारकडवाडी हे गाव डिसेंबर २०२४ पूर्वी सोलापूर जिल्ह्याबाहेर फारसे कोणाला ठाऊक नव्हते. विधानसभा निवडणुकीचा निकाल २३ नोव्हेंबर २०२४ रोजी लागला आणि गावातील मतदान यंत्रांनी दाखविलेला कौल हा आपला कौल नव्हे, अशी तक्रार ग्रामस्थांच्या एका मोठ्या गटाने सुरू केली. विशेष म्हणजे मतदारसंघात त्यांचेच उमेदवार, राष्ट्रवादी काँग्रेस (शरदचंद्र पवार) पक्षाचे उत्तमराव जानकर, निवडून आले होते. आक्षेप होता तो गावातल्या आकड्यांना. ३ डिसेंबर रोजी मतपत्रिकांवर पुन्हा मतदान घेऊन 'खरा आकडा' काढण्याचे गावाने ठरविले. प्रशासनाने जमावबंदीचा आदेश लागू केला, बंदोबस्त वाढविला आणि ते मतदान झालेच नाही.

त्यानंतर आठवडाभरात निवडणूक यंत्रणेचे उत्तर आले. राज्यातील २८८ मतदारसंघांत प्रत्येकी पाच, म्हणजे एकूण १,४४० मतदान केंद्रांवरील व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या मोजण्यात आल्या. यंत्रातील आकडे आणि चिठ्ठ्या यांत कोठेही तफावत आढळली नाही, असे सांगण्यात आले. सत्ताधाऱ्यांच्या दृष्टीने विषय तेथेच संपला. विरोधकांच्या दृष्टीने मात्र संशय कायम राहिला. 'लाखभर यंत्रांपैकी जेमतेम दीड हजार तपासली, म्हणजे दीड टक्काही नाही,' हा त्यांचा सवाल आजही सभांतून ऐकू येतो.

दोन्ही बाजूंचे दावे वरकरणी राजकीय असले, तरी त्यांच्या मुळाशी सांख्यिकीचा एक जुना प्रश्न आहे. एखाद्या मोठ्या समूहात अमुक दोषाचे प्रमाण किती, हे सगळा समूह न तपासता जाणून घ्यायचे असेल, तर नमुना केवढा घ्यावा? त्याचे उत्तर शास्त्राकडे आहे. मात्र ते 'दीड टक्का कमी' असेही नाही आणि '१,४४० पुष्कळ झाले' असेही नाही.

टक्केवारीचा भ्रम

शितावरून भाताची परीक्षा ही म्हण मराठी माणसाला नव्याने सांगायला नको. घरातल्या लहान पातेल्यातला भात शिजला की नाही, हे चार शितांवरून कळते आणि लग्नघरातल्या मोठ्या हंड्यातला भातही चार शितांवरूनच कळतो. हंडा पन्नासपट मोठा म्हणून कोणी पन्नासपट शिते चेपून पाहत नाही. अट एकच, भात नीट ढवळलेला असावा आणि शिते कुठूनही उचललेली असावीत.

सांख्यिकीचे गणित नेमके हेच सांगते. एखाद्या समूहातील प्रमाण पाच टक्के इकडेतिकडे इतक्या अचूकतेने आणि शंभरात ९५ वेळा बरोबर ठरेल इतक्या खात्रीने काढायचे असेल, तर सर्वांत प्रतिकूल स्थिती धरूनही ३८५ जणांचा नमुना पुरतो. समूह एक लाखाचा असला तरी हा आकडा ३८३ च्या खाली जात नाही आणि समूह देशातील सर्व मतदारांएवढा असला तरी तो ३८५ च्या वर जात नाही. अचूकता मात्र महाग असते. त्रुटी तीन टक्क्यांवर आणायची तर १,०६८ लागतात आणि एक टक्क्यावर आणायची तर ९,६०४. त्रुटी निम्मी करावयाची, तर नमुना चौपट करावा लागतो. मतदानोत्तर चाचण्यांच्या काळात 'एवढ्या मोठ्या राज्यात दोन हजार लोकांना विचारून काय कळणार?' असा प्रश्न हमखास ऐकू येतो, तो या कारणाने गैरलागू आहे. त्या चाचण्या फसतात तेव्हा दोष बहुधा संख्येचा नसतो. कोणाला विचारले, कोणी उत्तर देण्याचे टाळले आणि मतांच्या टक्केवारीवरून जागांचे गणित कसे मांडले, यांत तो दडलेला असतो.

अमेरिकेतील 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने १९३६ च्या अध्यक्षीय निवडणुकीपूर्वी सुमारे २४ लाख लोकांची उत्तरे मिळविली आणि लँडन जिंकणार असे भाकीत केले. प्रत्यक्षात रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्ये जिंकले. भात ढवळलेला नव्हता. शिते वरच्या थरातलीच होती. जॉर्ज गॅलप यांनी त्याहून कितीतरी लहान नमुन्यावर विजेता बरोबर सांगितला होता.

तेव्हा 'दीड टक्काच तपासला' हा आक्षेप, राज्य हा एकच समूह धरला तर, टिकत नाही. नमुन्याची ताकद त्याच्या संख्येत असते, टक्केवारीत नव्हे. परंतु येथेच खरा प्रश्न उपस्थित होतो. राज्य हा एकच समूह धरावा काय?

४७९ हा आकडा कोठून आला?

या वादाचा पाया २०१९ मध्ये घातला गेला. त्या लोकसभा निवडणुकीत प्रथमच देशातील सर्व केंद्रांवर व्हीव्हीपॅट बसविण्यात आली. प्रत्येक विधानसभा क्षेत्रात एका केंद्राच्या चिठ्ठ्या मोजाव्यात, अशी तेव्हाची पद्धत होती. ती अपुरी आहे, निम्म्या केंद्रांवरील चिठ्ठ्या मोजा, अशी मागणी चंद्राबाबू नायडू यांच्यासह २१ विरोधी पक्षांच्या नेत्यांनी सर्वोच्च न्यायालयात केली. निवडणूक आयोगाने अभय भट, राजीव करंदीकर आणि ओंकारप्रसाद घोष या तज्ज्ञांच्या समितीचा अहवाल मिळविला होता. देशात वापरल्या जाणाऱ्या सुमारे १० लाख ३५ हजार यंत्रांपैकी केवळ ४७९ यंत्रे यादृच्छिक पद्धतीने निवडून तपासली आणि एकातही तफावत आढळली नाही, तर सदोष यंत्रांचे प्रमाण दोन टक्क्यांपेक्षा कमी आहे असे ९९.९९३६ टक्के खात्रीने म्हणता येईल, असा त्या अहवालाचा निष्कर्ष होता.

हा आकडा ऐकून अनेकांनी भुवया उंचावल्या. परंतु त्यात कोणतीही हातचलाखी नाही. वाचकाला साध्या गणकयंत्रावरही तो पडताळता येईल. शंभरातील दोन यंत्रे सदोष असतील, तर एक यंत्र उचलले असता ते निर्दोष निघण्याची शक्यता ०.९८. दोन्ही निर्दोष निघण्याची ०.९८ गुणिले ०.९८. असे ४७९ वेळा गुणत गेले की उरते सुमारे ०.००००६. म्हणजे देशात दोन टक्के यंत्रे बिघडलेली असूनही ४७९ च्या नमुन्यात एकही न सापडणे हे लाखात सहा वेळाच घडेल.

सर्वोच्च न्यायालयाने ८ एप्रिल २०१९ रोजी सुवर्णमध्य काढला. एका केंद्राऐवजी प्रत्येक विधानसभा क्षेत्रात पाच केंद्रे तपासावीत, असा आदेश देण्यात आला. त्यामुळे देशभरातील तपासणी ४,१२५ यंत्रांवरून २०,६२५ वर गेली. समितीला पुरेसा वाटलेल्या संख्येच्या ४३ पट! मग तक्रार कशाची, असे कोणालाही वाटेल.

प्रश्न बदलला की नमुना बदलतो

तक्रार आहे ती प्रश्नाबद्दल. ४७९ हे 'देशातील किती यंत्रे सदोष आहेत?' या प्रश्नाचे निर्दोष उत्तर आहे. परंतु निवडणुकीत देश एका यंत्राने निवडून येत नाही आणि राज्यही येत नाही. साकोलीचा निकाल साकोलीतील यंत्रांवर लागतो, माळशिरसचा माळशिरसमधील यंत्रांवर. विधानसभा निवडणूक म्हणजे एका हंड्यातला भात नव्हे. ती चुलीवर शेजारी शेजारी चढविलेली २८८ पातेली आहेत. एका पातेल्यातील शितावरून शेजारच्या पातेल्यातला भात शिजल्याचा निर्वाळा देता येत नाही.

महाराष्ट्राला हा मुद्दा परका नाही. नमुना सर्वेक्षणाच्या शास्त्रात ज्यांचे नाव प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या बरोबरीने घेतले जाते ते डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे सातारा जिल्ह्यातील बुधचे. पीक कापणी प्रयोगांच्या आधारे उत्पन्नाचा अंदाज बांधण्याची पद्धत देशात रुजविण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. आज पीकविम्याची भरपाई ठरविताना शेतकरी जो वाद घालतो, तो याच जातीचा असतो. जिल्ह्याचे सरासरी उत्पन्न काढण्यास पुरणारे प्रयोग एका महसूल मंडळाचे उत्पन्न ठरविण्यास पुरत नाहीत. भरपाई मंडळनिहाय द्यायची असेल, तर प्रयोगही प्रत्येक मंडळात पुरेसे हवेत. ज्या पातळीवर निर्णय घ्यायचा, त्या पातळीवर नमुना हवा, हे सूत्र शेतीत आपण मान्य केले आहे. मतमोजणीत ते अद्याप मान्य झालेले नाही.

आता मतदारसंघाचे गणित मांडून पाहू. राज्यातील मतदान केंद्रांची संख्या एक लाखाहून थोडी अधिक. म्हणजे एका मतदारसंघात सरासरी साडेतीनशे. त्यांपैकी दोन टक्के, म्हणजे सात यंत्रे सदोष आहेत असे समजा. मतमोजणीची शेवटची फेरी संपल्यावर उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर चिठ्ठ्या टाकून पाच केंद्रे निवडली जातात. या पाचांत सातपैकी एकही सदोष यंत्र न सापडण्याची शक्यता ९० टक्के आहे. देशपातळीवर लाखात सहा वेळा होऊ शकणारी चूक मतदारसंघाच्या पातळीवर दहांत नऊ वेळा होते!

उलट बाजूनेही पाहता येईल. पाचही यंत्रे निर्दोष निघाली, तर त्या मतदारसंघाविषयी ९५ टक्के खात्रीने एवढेच म्हणता येते की सदोष यंत्रांचे प्रमाण सुमारे ४५ टक्क्यांपेक्षा कमी असावे. याला आश्वासन म्हणणे कठीण आहे. सात सदोष यंत्रांपैकी किमान एक तरी ९५ टक्के खात्रीने हाती लागावे असे वाटत असेल, तर पाचांऐवजी सुमारे १२० यंत्रे तपासावी लागतील.

दुसरी बाजूही तितकीच खरी

एवढ्यावरून पाच केंद्रांची तपासणी निरुपयोगी आहे असा निष्कर्ष काढणे मात्र अन्यायाचे ठरेल. संपूर्ण राज्याच्या पातळीवर १,४४० चा नमुना भक्कम आहे. त्यात एकही तफावत नाही, हे आयोगाचे म्हणणे ग्राह्य धरले तर राज्यातील सदोष यंत्रांचे प्रमाण सुमारे ०.२ टक्क्यांहून कमी आहे असे ९५ टक्के खात्रीने म्हणता येते. म्हणजे लाखभर यंत्रांत फार तर दोनशे. सरसकट, राज्यभर, हजारो यंत्रांत फेरफार झाल्याचा जो आरोप केला जातो, त्याला हा नमुना समर्पक उत्तर देतो.

समजा, कोणी अधिक चतुराईने केवळ दहा मतदारसंघ निवडले आणि त्यांतील दर दहा यंत्रांपैकी एकात गडबड केली. एका मतदारसंघात ती पाच केंद्रांच्या तपासणीतून निसटण्याची शक्यता ५९ टक्के आहे. परंतु दहाही मतदारसंघांत निसटण्याची शक्यता हजारात पाच इतकीच उरते. कटाची व्याप्ती वाढत जाते तसतशी ही तपासणी धारदार होत जाते. राज्याचे सरकार बदलून टाकणारा घोटाळा १,४४० यंत्रांच्या चाळणीतून सहजासहजी सुटणार नाही. तफावत आढळल्याचा पुरावा पुढे न करता 'सगळी निवडणूकच खोटी' असे म्हणणाऱ्यांनी हे गणित विसरू नये.

मग धोका उरतो तो कोठे? तो उरतो चुरशीच्या लढतीत. तेथे कट असण्याचीही गरज नाही. मॉक पोलची मते पुसायची राहून जाणे, एका केंद्राचा आकडा दुसऱ्याच्या नावे लिहिला जाणे, अशी साधी मानवी चूकही पुरते. हरियाणातील पानिपत जिल्ह्यातल्या बुआना लाखू या गावाच्या सरपंचपदाचा निकाल अशाच कारणाने वादात सापडला. २०२२ च्या त्या निवडणुकीत एका केंद्रावरील दोन उमेदवारांच्या मतांची अदलाबदल झाल्याचा आक्षेप होता. सर्वोच्च न्यायालयाने यंत्रे मागवून २०२५ मध्ये आपल्या आवारात फेरमोजणी करविली आणि निकाल उलटला. एक केंद्र, एक चूक आणि जवळपास तीन वर्षे भलताच सरपंच!

साकोली आणि सातारा

विधानसभेच्या २०२४ च्या निवडणुकीत साकोलीतून नाना पटोले २०८ मतांनी विजयी झाले. मालेगाव मध्यमधील निकाल १६२ मतांनी लागला. त्याच दिवशी साताऱ्यात शिवेंद्रसिंहराजे भोसले यांचे मताधिक्य १ लाख ४२ हजारांवर गेले. त्याआधी जूनमध्ये मुंबई वायव्य लोकसभा मतदारसंघात रवींद्र वायकर अवघ्या ४८ मतांनी निवडून आले होते. या निकालांत काही काळेबेरे होते असे येथे मुळीच सुचवायचे नाही. प्रश्न एवढाच आहे की, निकाल बरोबर लागला याची खात्री करून घेण्यासाठी साकोलीत पाच यंत्रे आणि साताऱ्यातही पाचच यंत्रे, हे तर्कसंगत आहे काय?

साताऱ्याचा निकाल उलटायचा तर जवळपास ७१ हजार मते एकाच्या खात्यातून दुसऱ्याच्या खात्यात जावी लागतील. एका यंत्रातून फार तर ३०० मते, कोणाच्या लक्षात न येता, इकडची तिकडे होऊ शकतील असे धरले, तर त्यासाठी सुमारे २३७ यंत्रे बिघडलेली असावी लागतील. मतदारसंघात पाचशे केंद्रे असली तरी ही संख्या निम्म्याच्या आसपास जाते. एवढे बिघडलेले यंत्रसंच पाचांच्या नमुन्यातून निसटण्याची शक्यता शंभरात चार. म्हणजे साताऱ्यासाठी पाच यंत्रे खरोखरच पुरेशी आहेत. साकोलीत मात्र १०५ मतांची हलवाहलव पुरेशी होती आणि ती एका यंत्रातही होऊ शकते. साडेतीनशे केंद्रांच्या मतदारसंघात ते एकच यंत्र पाचांच्या नमुन्यात येण्याची शक्यता दीड टक्क्याहून कमी.

याच गृहीतकांवर, साडेतीनशे केंद्रांच्या मतदारसंघासाठी ९५ टक्के खात्रीचा हिशेब केला तर चित्र असे दिसते. मताधिक्य ५० हजारांचे असेल तर सुमारे ११ यंत्रे तपासावीत. २० हजारांचे असेल तर सुमारे २८. दहा हजारांचे असेल तर सुमारे ५५. मताधिक्य दोन-तीनशेचे असेल तर नमुन्याची भाषा सोडून द्यावी आणि सगळ्याच चिठ्ठ्या मोजाव्यात. एका यंत्रातून हलू शकणाऱ्या मतांचा अंदाज ३०० ऐवजी अधिक धरला तर हे आकडे आणखी वाढतील. आजचा पाच यंत्रांचा सरसकट नियम पुरतो तो सुमारे एक लाखाच्या मताधिक्याला! जेथे निकालाविषयी कोणाच्याही मनात शंका नसते, तेथेच आपली तपासणी परिपूर्ण आहे आणि जेथे शंका असते, तेथे ती जवळपास नाममात्र आहे.

ही कल्पना नवी नाही. बर्कले येथील सांख्यिकीतज्ज्ञ फिलिप स्टार्क यांनी मताधिक्यानुसार नमुना ठरविण्याची पद्धत २००८ च्या सुमारास मांडली. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याने २०१७ मध्ये ती राज्यभर अमलात आणली. तेथे मोजणी एका नमुन्याने सुरू होते, तफावत आढळली की नमुना वाढतो आणि शंका फिटेपर्यंत वाढतच राहतो. वेळ पडल्यास पूर्ण मोजणीपर्यंत.

पन्नास टक्के आणि शंभर टक्के

विरोधकांची पन्नास टक्क्यांची मागणीही या कसोटीवर उतरत नाही. साताऱ्यासारख्या मतदारसंघात निम्म्या यंत्रांच्या चिठ्ठ्या मोजणे हा वेळेचा अपव्यय ठरेल. साकोलीसारख्या मतदारसंघात एकच यंत्र सदोष असेल, तर निम्मी यंत्रे मोजूनही ते निसटण्याची शक्यता पन्नास टक्के राहील. म्हणजे जेथे गरज नाही तेथे अतिरेक आणि जेथे गरज आहे तेथे नाणेफेक! पन्नास टक्के हा कानाला भरीव वाटणारा आकडा आहे, यापलीकडे त्याला शास्त्राचा आधार नाही. या मागणीमुळे निकाल सरासरी ५.२ दिवसांनी लांबेल, असे आयोगाने २०१९ मध्ये न्यायालयात सांगितले होते.

सर्वच चिठ्ठ्या मोजण्याची मागणी सर्वोच्च न्यायालयाने २६ एप्रिल २०२४ रोजी फेटाळली. हाताने मोजताना होणाऱ्या मानवी चुकांचा आणि लागणाऱ्या वेळेचा मुद्दा न्यायालयाने विचारात घेतला. त्याच निकालाने दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवारांना एक नवी सोय दिली. निकालानंतर सात दिवसांत, स्वखर्चाने, प्रत्येक विधानसभा क्षेत्रातील पाच टक्के यंत्रांच्या मायक्रोकंट्रोलरची तपासणी त्यांना मागता येते. साडेतीनशे केंद्रांत ही संख्या १७-१८ होते. यंत्रे कोणती हे उमेदवार सांगतो. संशय नेमक्या जागी असेल तर त्याचा उपयोग होईल. परंतु हा यादृच्छिक नमुना नसल्याने त्यावरून उरलेल्या यंत्रांविषयी काही सांगता येत नाही. शिवाय ही तपासणी यंत्राच्या स्मृतीची आहे, मतदाराने काचेआड पाहिलेल्या चिठ्ठीची नव्हे.

मारकडवाडीच्या प्रयोगाचे काय? तो झाला असता तरी त्यातून यंत्राविषयी काही सिद्ध झाले नसते. निकाल जाहीर झाल्यानंतर, गावासमोर, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या देखत घेतलेले मतदान आणि गुप्त मतदान या भिन्न गोष्टी आहेत. गावाच्या शंकेचे निरसन करणारी वस्तू तेथून दूर नव्हती. त्या केंद्रांवरील व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या सीलबंद होत्या. निवडणूक नियमांतील ५६-ड नुसार उमेदवार एखाद्या केंद्राच्या चिठ्ठ्या मोजण्याची मागणी करू शकतो. ती मान्य करायची की नाही, हे मात्र निवडणूक निर्णय अधिकारी ठरवितो. एका केंद्राच्या चिठ्ठ्या मोजायला साधारण तास लागतो. दोन-चार तासांच्या मोजणीने जी शंका मिटली असती, तिच्यासाठी जमावबंदी आणि पोलीस बंदोबस्त लावण्याची वेळ आली, हे कोणत्याच बाजूला भूषणावह नाही.

काय करता येईल?

नियमात करावयाची दुरुस्ती फार मोठी नाही. तपासायच्या केंद्रांची संख्या सरसकट पाच न ठेवता मताधिक्याशी जोडावी. मोठ्या मताधिक्याच्या मतदारसंघांत आजच्याइतकीच तपासणी पुरेल. मधल्या मतदारसंघांत ती काही दशकांवर जाईल. अगदी चुरशीच्या मोजक्या मतदारसंघांत सर्व चिठ्ठ्या मोजाव्यात. साडेतीनशे केंद्रांच्या चिठ्ठ्या दहा टेबलांवर मोजल्या तर सुमारे ३५ तास लागतील. पाच वर्षांचा लोकप्रतिनिधी निश्चित करण्यासाठी दीड दिवस थांबणे कोणालाही जड वाटू नये.

दुसरी दुरुस्ती अधिक महत्त्वाची आहे. तफावत आढळली तर त्या केंद्रापुरता चिठ्ठ्यांचा आकडा ग्राह्य धरावा, असे नियम सांगतो. परंतु नमुना हा उरलेल्या समूहाविषयी बोलण्यासाठीच घेतलेला असतो. पाचांतील एक यंत्र सदोष निघाले, तर उरलेल्या ३४५ विषयी काय करायचे? नमुना वाढवायचा की निकाल जाहीर करून मोकळे व्हायचे? याचे उत्तर मोजणीपूर्वीच लिहून ठेवलेले असावे. शीत कच्चे लागले म्हणून तेवढेच बाजूला काढून पंगत वाढणारा आचारी आपण कधी पाहिला आहे काय?

तिसरा मुद्दा नमुन्याच्याही आधीचा आहे. महाराष्ट्रातील स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकांत व्हीव्हीपॅट वापरली जाणार नाही, असे राज्य निवडणूक आयोगाने २०२५ मध्ये जाहीर केले. बहुसदस्यीय प्रभागांतील तांत्रिक अडचण हे त्याचे कारण सांगण्यात आले. जेथे चिठ्ठीच नाही तेथे नमुना कशाचा घेणार? नगरसेवकांचे निकाल अनेकदा मूठभर मतांनी लागतात, म्हणजे पडताळणीची सर्वाधिक निकड जेथे आहे, नेमका तेथेच पडताळणीचा मार्ग बंद आहे.

निवडणुकीचे काम केवळ विजेता ठरविण्याचे नसते. आपण हरलो हे पराभूताला आणि त्याच्या मतदारांना पटविण्याचेही असते. राज्याच्या पातळीवर 'यंत्रे ठीक आहेत' असे सांगण्यास १,४४० चा नमुना पुरेसा आहे आणि तसे ठामपणे सांगितले गेले पाहिजे. परंतु दोनशे मतांनी हरलेल्या उमेदवाराच्या कार्यकर्त्याला राज्याच्या सरासरीशी कर्तव्य नसते. त्याला आपल्या पातेल्याविषयी विचारायचे असते. त्या प्रश्नाला आज आपल्यापाशी पाच शिते आहेत आणि ती पुरेशी नाहीत.